देसलेभाऊंचे तीन प्रश्न

परवा कल्याणला एका लॅबमध्ये माझंच रक्त द्यायला गेले होते. काचेचं दार, थंडगार खोली, हातात नंबराची चिठ्ठी. माझा नंबर आला तशी तिथल्या मुलीने दंडाला रबर बांधलं, सुई टोचली, नळीवर काळ्या रेघांचं लेबल डकवलं आणि "रिपोर्ट मोबाइलवर येईल" म्हणून पुढच्याला हाक मारली. मी आपली खुर्चीत बसूनच. ती म्हणाली, "मॅडम, झालं." मी म्हटलं, "काही विचारणार नाहीस?" बाईंना चक्कर आली असणार असं वाटून तिने मला ग्लुकोजचं बिस्किट दिलं.

तिचा काही दोष नाही. खोड मला लागली आहे, आणि ती लावणाऱ्या माणसाचं नाव रघुनाथ देसले. मुरबाडमध्ये त्यांना सगळे देसलेभाऊ म्हणत.

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब होती. दोन खोल्या आणि एक मोरी. लॅबचे मालक डॉक्टर कल्याणला राहायचे, आठवड्यातून दोनदा येऊन रिपोर्टांवर सह्या करायचे. बाकीचे दिवस लॅब म्हणजे देसलेभाऊ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तंत्रज्ञाचा डिप्लोमा संपवून तिथे नोकरीला लागले. शहापूरहून सकाळची एसटी पकडून, किन्हवली, सरळगाव करत, धुळीने माखून पहिल्या दिवशी पोचले, तेव्हा भाऊंच्या समोर एक म्हातारी बाही वर करून बसली होती. सुई तयार होती. पण भाऊंनी टोचायच्या आधी कानावरची पेन्सिल काढली.

"काल काय खाल्लं?"

"भाकर नि सुकट."

"महिना-दोन महिन्यांत पडलीस का कुठं?"

"नाय बा."

"कुणाचं औषध? पाला, मात्रा, लेप?"

"मेल्या, रगत घ्यायचंय का सोयरीक जमवायचीय?"

भाऊ हसले नाहीत. तिन्ही उत्तरं एका लांबट वहीत लिहून घेतली, म्हातारीचं शेवटचं वाक्यसुद्धा, आणि मग सुई टोचली. मला हे अगदी गावंढळ वाटलं. नुकतीच परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली मी, मला दुसरं काय वाटणार? रक्ताची तपासणी म्हणजे रक्ताची तपासणी. त्यात सुकट कुठून आली?

भाऊ माणसांना गावाच्या नावाने हाक मारायचे. "चला, वैशाखरे, आत या." "खर्डी, तुमचा रिपोर्ट उद्या." मी शहापूरची म्हणून मी कायमची 'शहापूर'. उशीर झाला की, "काय शहापूर, एसटीनं दगा दिला?" त्यांच्या बायकोचं माहेर म्हसा, म्हणून घरचा विषय निघाला की "आमची म्हसा म्हणत होती" अशी सुरुवात. सुरुवातीला मला वाटायचं की हे सतत कुणा गावाबद्दलच बोलतात.

अंगाने काटकुळे, डगला नेहमी नीळ जास्त झालेला. गळ्यात दोऱ्याला बांधलेले दोन चष्मे. एक नळीतली रेघ बघायचा, दुसरा माणूस बघायचा, असं ते स्वतःच सांगायचे. आणि टेबलावर हुबेहूब सारखे दोन थर्मास. एकात घरून आणलेला गवती चहा, दुसऱ्यात बर्फ आणि रक्ताच्या नळ्या. चहाच्या थर्मासला लाल दोरा बांधलेला असायचा. मी बारा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं आणि बारा वर्षं त्यांनी चहा ओतला की आधी दोरा बघितला.

तिन्ही प्रश्नांमागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते म्हणायचे, "रगत खोटं बोलत नाय गो. पण त्याला अर्धंच ठाऊक असतं. उरलेलं माणसाला विचारायचं."

ते अर्धं म्हणजे काय, हे मला एका मुलीमुळे कळलं. आमच्याकडे अल्कलाइन फॉस्फेटेज नावाची एक तपासणी व्हायची. यकृतात काही बिघडलं की रक्तात हे द्रव्य वाढतं, आणि हाडात काही चालू असलं तरी वाढतं. ज्याला एकदा कॅन्सर होऊन गेला आहे त्याचं हे मुद्दाम तपासतात. आजार हाडात उतरला तर हाड आतून बिघडतं, शरीर घाईघाईने नवं हाड रचायला लागतं आणि आकडा चढतो. भाऊ हे असं सांगत नसत. ते म्हणायचे, "हाडात बांधकाम निघालं की रक्तात धूळ उडते. पण बांधकाम कसलं, ते धूळ सांगत नाय."

तर आश्रमशाळेतली एक तेरा वर्षांची मुलगी आली. ताप येऊन गेलेला, म्हणून कुणीतरी सगळ्याच तपासण्या लिहून दिलेल्या. अल्कलाइनचा आकडा मोठ्या माणसाच्या हिशेबाने दुपटीहून जास्त. मी घाबरले आणि रिपोर्टावर लाल पेनाने ठळक रेघ मारली. तिच्याबरोबर आलेल्या शिक्षिकाबाई ती रेघ बघून रडवेल्या झाल्या. भाऊंनी माणूस बघायचा चष्मा लावला आणि मुलीच्या फ्रॉककडे बघितलं. घेराची खालची पट्टी दोनदा उसवून सोडलेली होती. दोन जुन्या दुमडींच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी तिला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून पेन्सिलने खूण केली आणि शिक्षिकाबाईंना म्हणाले, "बाई, हिला काय झालेलं नाय. ही वाढतेय. ह्या वयात हाडं वाढतात नि आकडा असाच असतो. पुढल्या वेळी फ्रॉक मोठा शिवा." मग माझ्याकडे वळून, "शहापूर, लाल पेन मला दे." ते पेन त्यांनी आपल्या खिशात ठेवलं आणि मला पुढे दोन वर्षं परत दिलं नाही.

ही हुशारी त्यांनी कुठे मिळवली म्हणाल, तर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ते तरुणपणी नळ्या धुवायच्या कामाला होते. तिथून शिकत शिकत तंत्रज्ञ झाले. हाडाचं की यकृताचं, हे ओळखायची एक जुनी युक्तीही त्यांनी तिथूनच आणली होती. रक्तावरचं पिवळसर पाणी छप्पन्न अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. यकृताचं बरंचसं टिकतं, हाडाचं जवळजवळ सगळं जातं. फार भरवशाची युक्ती नव्हे, अंदाज यायचा इतकंच. पण त्या वेळी आमच्याकडे दुसरं होतं काय? भाऊ त्या दहा मिनिटांत कुणाशी बोलत नसत. हातात थर्मामीटर धरून उभे.

त्यांच्या हट्टाचा मला सगळ्यात जास्त राग आला तो गुरुजींच्या वेळी. वैशाखऱ्याचे एक निवृत्त गुरुजी, प्रोस्टेटचा कॅन्सर निघालेला. तो हाडात गेला आहे का, यासाठी तेव्हा ॲसिड फॉस्फेटेज म्हणून आणखी एक तपासणी करत. तिकडच्या डॉक्टरांनी रक्त काढून एका जीपवाल्याच्या हाती पाठवलं. जीप उन्हात, रस्ता खडबडीत. नळी आली तेव्हा वरचं पाणी पिवळसर असायच्या ऐवजी लालबुंद. भाऊंनी नळी उजेडात धरली आणि बाजूला ठेवली.

"हे करायचं नाय. तांबड्या पेशी फुटल्यात. आकडा उगाच वर येईल."

मी म्हटलं, "डॉक्टरांचा दोनदा फोन आलाय. करून टाकू, खाली शेरा लिहू."

"शेरा कोण वाचतो? आकडा वाचतात."

आणि बर्फाचा थर्मास उचलून भाऊ गेले एसटी स्टँडवर. माळशेजच्या रस्त्याची दुपारची गाडी, तिने गुरुजींच्या घरी, तिन्ही प्रश्न, नवीन रक्त, परतीची गाडी. थर्मास गाडीच्या फळीवर ठेवला तर हादरे बसतील म्हणून येताना मांडीवर धरून बसले होते. त्या दिवशी एकूण चौदा माणसांचं रक्त मी एकटीने काढलं आणि भाऊ परतल्यावर त्यावरून त्यांना भरपूर ऐकवलं.

आकडा नव्या रक्तातही वाढलेलाच आला. माझ्या तोंडावर 'मग मिळवलंत काय' असं लिहिलेलं असणार. रिपोर्ट घेऊन भाऊ स्वतः परत गेले. गुरुजींनी विचारलं म्हणे, "पहिलं रक्त खराब होतं. हा आकडा तरी खरा का?" भाऊ म्हणाले, "हा खरा, गुरुजी." त्यावर गुरुजी म्हणाले, "मग ठीक. आता जे करायचं ते करू." मुंबईला उपचार झाले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं गुरुजी बाजाराच्या दिवशी लॅबचा जिना चढून यायचे, भाऊंच्या लाल दोऱ्याच्या थर्मासमधला चहा प्यायला.

हे सगळं सांगितलं ते पुढच्यासाठी. कारण ज्या माणसाने शेकडो माणसांना तीन प्रश्न विचारल्याशिवाय सुई लावली नाही, त्याने एका माणसाला ते विचारले नाहीत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भाऊंच्या बायकोला, सुमनवहिनींना, दोन वर्षांपूर्वी छातीत गाठ आली होती. मुंबईला ऑपरेशन झालं, डावं स्तन काढलं, औषधं झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, त्या बाजूच्या हाताने जड उचलायचं नाही, सुई टोचून घ्यायची नाही. भाऊंनी घरात सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं आणि वहिनींकडून तर मुलांची शपथ घेऊन. दर सहा महिन्यांनी तपासणी. दर वेळी सगळं ठीक. आणि त्या वर्षी पाडव्याच्या सुमारास वहिनी पाठ दुखते म्हणायला लागल्या. डाव्या बाजूला, बरगड्यांपाशी, श्वास घेतला की कळ.

एक दिवस भाऊ सकाळी आले ते बर्फाच्या थर्मासमध्ये एकच नळी घेऊन. लेबलावर गाव नाही, नुसतं 'सु. दे.'. त्यांनी अल्कलाइन लावलं. आकडा दुपटीला थोडा कमी. पुन्हा लावलं. तोच. मग मला म्हणाले, "शहापूर, तू कर एकदा. माझा हात आज बरोबर नाय." मी केलं. तोच आला.

त्यांनी गरम पाण्याचं भांडं लावलं. छप्पन्न अंश. दहा मिनिटं थर्मामीटर हातात. पुन्हा मोजलं तेव्हा काटा जवळजवळ खाली बसला होता.

"हाडाचं हाय," भाऊ म्हणाले आणि स्टुलावर बसले. नंतर चहा ओतला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी दोरा बघितला नाही, मीच बघितला.

मुंबईच्या डॉक्टरबाईंनी आकडा बघून, दुखणं ऐकून हाडांचा स्कॅन लिहून दिला. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. त्या मोठ्या इस्पितळात तेव्हा तेवढी रांग होतीच. ते दिवस मी विसरणार नाही. भाऊ रोज यायचे, रोज काम करायचे, लोकांना तिन्ही प्रश्न विचारायचे, पण उत्तराकडे लक्ष नसायचं. "पडलात का कुठं?" "हो, विहिरीवर घसरलो." "बरं." आणि पुढे. दुपारी जेवणाचा डबा उघडायचे नि तसाच बंद करायचे. एकदा मला म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना रिपोर्ट दिले गो. हातात कागद देताना त्यांच्या पोटात काय होत असंल, ते आता कळतंय." मी मोरीत जाऊन नळ्या धुतल्या, आधीच धुतलेल्या.

तिथेच मला वही आठवली. बाहेर येऊन ती लांबट वही काढली आणि पाडव्यानंतरच्या पानावर 'सु. दे.' शोधलं. पुढचे तिन्ही रकाने कोरे. भाऊंच्या हाताखाली शिकले होते, मला तो कोरेपणा सहन होईना. आपल्या बायकोला काय विचारायचं, आपल्याला सगळं ठाऊकच आहे, असं त्यांना वाटलं असणार. किंवा विचारायची भीती. भाऊंना सांगितलं असतं तर म्हणाले असते, राहू दे. म्हणून सांगितलंच नाही.

रविवारी भाऊ वहिनींच्या पाठीसाठी काही मलम आणायला कल्याणला जाणार होते. मी शहापूरहून निघून, मुरबाडला गाडी बदलून वैशाखऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरले. तिथून भाऊंच्या घरापर्यंत अर्धा तास चाल. शेतांमध्ये राब भाजून झाले होते, काळ्या राखेचे चौकोनच चौकोन. भाताची रोपं करायची त्या जागेवर आमच्याकडे झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, तो राब. हिवाळाभर पुरुष झाडांवर चढून फांद्या तोडतात आणि बायका भारे डोक्यावरून शेतात आणतात.

वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मला बघून आधी घाबरल्या. "बाय, ह्यांना काय झालं?"

"त्यांना काही नाही. तुमचे तीन प्रश्न राहिलेत," मी म्हटलं आणि पिशवीतून वही काढली.

त्या हसल्या. "माझे कशाला? मी काय पेशंट हाय?"

"वहीत नाव आहे म्हणजे आहात. काल काय खाल्लं?"

"कालचं मरू दे, रगत देऊन किती दिवस झाले. पुढं विचार."

"तीन-चार महिन्यांत पडलात का कुठं?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. घरात कोणी आहे का ते वळून बघितलं. मग माझ्या वहीकडे. मी भाऊंची शिष्या, पेन्सिल रकान्यावर टेकवून बसून राहिले. प्रश्न विचारला की थांबायचं असतं.

"ह्यांना सांगशील?"

"सांगणार."

"मग कशाला विचारतेस गो?" असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पण सांगितलं. "शिमग्याच्या आधी. राबाचा भारा घेऊन येत होते. बांधावरून पाय घसरला, तशी भाऱ्यासकट खाली गेले, दगडावर. डाव्या अंगावर."

"भारा? तुम्ही?"

"मीच. दोन वरसं नुसती चटणी वाटते बाय मी. पाणी आणाय निघाले, तू राहू दे. भारा उचलला, तू राहू दे. शेजारणी माझ्यासमोर हळू बोलतात. मेलेल्या माणसाला पण इतकं राहू दे म्हणत नसतील. त्या दिवशी घरात कोण नव्हतं. म्हटलं, एक भारा तरी आणून बघते, येतो का. आला. दुसरा पण आला. तिसऱ्याला पडले."

"आणि मग?"

"मग काय. पलीकडच्या वाडीत हाडं बसवणारी म्हातारी हाय, तिच्याकडं गेले. ती म्हणाली, बरगड्या चिरल्यात. पाल्याचा लेप लावून फडक्यानं आवळून बांधलं महिनाभर."

"भाऊंना दिसलं नाही?"

वहिनींनी मान खाली घातली. "ऑपरेशन झालं तवापास्नं मी ह्यांच्यासमोर लुगडं बदलत नाय. नि ते पण, मी बदलाय लागले की भिंतीकडं तोंड करतात. मला वाईट वाटू नये म्हणून. लेपाचा वास आला तर सांगितलं, वाताचा हाय. शपथ मोडली ना मी. मुलांची. म्हणून तर हे सगळं परत आलं असं वाटतं मला. डॉक्टरबाईंनी हाडात गेलंय का बघूया म्हटलं, तवाच मी समजले, शपथ लागली."

मी तिसरा रकानाही भरला. 'पाल्याचा लेप, फडक्याने बांधलेलं, एक महिना.' चिरलेल्या बरगड्या सांधत असल्या तरी हाडात बांधकाम असतंच, आणि धूळ तशीच उडते. पण माझ्या म्हणण्याला काय किंमत? तिथे बसून मी त्यांना 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं म्हटलं नाही. फक्त म्हटलं, "वहिनी, शपथेने आकडा चढत नाही."

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले, वही त्या पानावर उघडून भाऊंच्या टेबलावर ठेवली आणि मोरीत जाऊन उभी राहिले. भाऊ आले. एक चष्मा लावला, काढला, दुसरा लावला. नंतर हाक आली, "शहापूर!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. बाहेर आले तर भाऊ दोन्ही हातांनी वही धरून रडत होते आणि शिव्या घालत होते. बायकोला, त्या म्हातारीला, मला, पण सगळ्यात जास्त स्वतःला. "परक्या पोरीच्या फ्रॉकची पट्टी मला दिसते, नि घरातलं फडकं दिसलं नाय! भिंतीकडं तोंड करून झोपलो, गाढव!"

त्याच दिवशी वहिनींचा एक्स-रे काढला. डाव्या तीन बरगड्या, एकाखाली एक, चिरलेल्या आणि सांधत आलेल्या. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे बघितला, तरी म्हणाल्या की स्कॅन करायचाच, अर्धवट खात्री मला नको. भाऊंना ते एकदम पटलं. स्कॅनमध्ये तेच तीन ठिपके, एका सरळ ओळीत, आणि बाकी सगळी हाडं स्वच्छ. असे ओळीत आलेले ठिपके बहुतेक मार लागल्याचे असतात, आजार असा ओळीने बसत नाही, असं बाईंनी समजावलं, आणि श्रावणात पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. शपथ मोडल्याबद्दल मात्र त्या वहिनींना रागावल्या नाहीत. हलकं काम करायला लागा म्हणाल्या, हाताला व्यायाम हवाच.

श्रावणात वहिनी स्वतः लॅबचा जिना चढून आल्या. हिरवी साडी, केसात सोनटक्का. भाऊंनी त्यांना खुर्चीत बसवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "नाव?"

"आता नाव पण मीच सांगू?"

"नियम हाय. नवऱ्याचं नाव?"

"लिहा की तुमचंच," वहिनी म्हणाल्या आणि आम्ही सगळे हसलो. तिन्ही प्रश्न झाले. दुसऱ्या प्रश्नाला भाऊ थांबले आणि वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "नाय पडले. शपथ नाय घेत, पण नाय पडले." रक्त मी काढलं, उजव्या हातातून. तपासणीही मीच केली. भाऊ जिन्यात जाऊन उभे राहिले. आकडा सगळ्या माणसांचा असतो तसा आला. दोनदा केला, दोन्ही वेळा तोच. मी दारात जाऊन कागद पुढे केला. भाऊंनी नळीचा चष्मा लावून वाचला, माणसाचा चष्मा लावून पुन्हा वाचला. म्हणाले, "धूळ बसली." एवढंच. आणि जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की खालचा खतवाला वर बघायला लागला.

पुढे लॅबमध्ये मोठं यंत्र आलं. एका बाजूने नळी घातली की दुसऱ्या बाजूने वीस आकडे छापून यायचे. भाऊंना त्याचं कौतुकच होतं, पण यंत्रावर रकाने नव्हते. ते वहीत तिन्ही उत्तरं लिहीतच राहिले. मग गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी नोकरी सोडली, आणि माझंही लग्न होऊन मी कल्याणला आले.

शेवटचे दिसले ते म्हशाच्या जत्रेत. पौषातली थंडी, दुपारची वेळ, बैलबाजाराकडून नुसता धुरळा येत होता. घोंगड्यांच्या दुकानांपाशी मी भाव विचारत उभी होते, तर समोरून सुमनवहिनी येताना दिसल्या. डोक्यावर नव्या घोंगड्यांचं गाठोडं, उजवा हात गाठोड्याला, डावा मोकळा, माहेरच्या जत्रेत चालावं तशा झपाझप चाललेल्या. त्यांच्या मागे दोन पावलांवर भाऊ. दोन्ही हात रिकामे. दोन्ही चष्मे गळ्यात, आणि नजर वहिनींच्या पायांपुढच्या जमिनीवर. "हळू गो, दगड हाय." "दिसला." "पुढं खड्डा हाय." "दिसला म्हटलं ना!"

मी हाक मारली. भाऊंनी वर बघितलं, माणसाचा चष्मा लावला. "अरे, शहापूर!" मग गाठोड्याकडे माझी नजर गेलेली बघून, कुणी न विचारता, आपणच सांगितलं.

"पडली नाय अजून. रोज विचारतो."

वहिनी तोपर्यंत बऱ्याच पुढे गेल्या होत्या. भाऊ लगबगीने त्यांच्या मागे निघाले.